गुलाबी रस्त्याचा फोटो

'मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स' नावाचा माहितीपट मी दोनदा पाहिला. पहिल्या खेपेला झोपलो. सांगायला लाज वाटत नाही. रातपाळी करून सकाळी घरी आलो होतो, दुपारी पोरं बोलवायला आली. विहाराच्या मागच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर बांधलेली. सिनेमा सुरू झाला तोच एका कारखान्यात. चीनमधला कारखाना. कॅमेरा एका बाजूने सरकत राहतो. टेबलं, माणसं, पुन्हा टेबलं, पुन्हा माणसं. कुठे तोडलेलं नाही, कुणी बोलत नाही. जवळजवळ आठ मिनिटं कॅमेरा नुसता चालतोय आणि कारखाना काही संपत नाही. आजूबाजूची पोरं 'बाप रे बाप' करत होती. मला तिसऱ्या मिनिटाला डुलकी लागली. च्यायला, तेच तर मी रात्रभर बघून आलो होतो!

दुसऱ्यांदा शुक्रवारी पाहिला, आमच्या सुट्टीच्या दिवशी, जागा राहून. डिप्लोमा करणारा एक मित्र शेजारी बसून इंग्रजीचं मराठी करून सांगत होता. त्या दुसऱ्या पाहण्यावर हे लिहितोय. मी समीक्षक नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवतो. आमच्याकडे त्याला मिलच म्हणतात. पण सिनेमा ज्या गोष्टीबद्दल आहे ती गोष्ट माझ्या नखांत आहे. म्हणून बोलायचा हक्क घेतो.

सिनेमा २००६ सालचा, कॅनडातला. दिग्दर्शन जेनिफर बायचवाल या बाईंचं, कॅमेरा पीटर मेटलर यांचा. एडवर्ड बर्टिन्स्की हा तिकडचा नावाजलेला फोटोग्राफर. खाणींनी, कारखान्यांनी, धरणांनी जी जमीन बदलून टाकली तिचे तो भिंतभर मोठे फोटो काढतो. तो चीनमध्ये आणि बांगलादेशात हिंडतो, सिनेमा त्याच्या मागे हिंडतो. चितगावच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्याने जुनी जहाजं चिखलात आणून रुतवतात आणि पोरंसोरं ती तोडतात. चीनच्या खेड्यात जगभरातून आलेले मोडके संगणक माणसं हातांनी फोडून आतला धातू वेगळा करतात, आणि तिथलं पाणी नासतं. यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणासाठी दहा लाखांवर माणसं उठवली. बुडणारी शहरं पाणी चढायच्या आधी तिथलीच माणसं वीट वीट करून पाडतात. पाडायचे पैसे मिळतात म्हणून.

हे सगळं बघताना डोळे फाटतात. मान्य करतो. फोटो सुंदर आहेत. आणि माझी पहिली अडचण तीच आहे.

सिनेमात एक प्रसंग आहे. कोळशाचा प्रचंड डेपो. काळे डोंगर रांगेने उभे. तिथले अधिकारी फोटो काढू द्यायला तयार नाहीत, बदनामी होईल म्हणून. तेव्हा बर्टिन्स्कीच्या बाजूचं माणूस त्यांची समजूत घालतं. अर्थ असा, की याच्या डोळ्यांतून आणि याच्या कॅमेऱ्यातून हे सुंदर दिसेल. काळजी करू नका.

हे वाक्य ऐकलं आणि मी मित्राला म्हटलं, थांबव, मागे घे, परत लाव. आख्ख्या सिनेमाची चावी इथे आहे. ज्याला उघडं पडायची भीती आहे त्याला सौंदर्याची हमी दिली की दार उघडतं. कोळशाचा मालक कलेला घाबरत नाही. तो फक्त एवढंच विचारतो, की आम्ही घाण दिसू का? नाही? मग काढा.

मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' मी कल्याणच्या वाचनालयातून तीनदा आणलं आणि तीनदा परत केलं. तिसऱ्या वेळी थोडं कळलं. ते म्हणतात सौंदर्य म्हणजे लय, आणि लयीचे नियम तीन: संवाद, विरोध, समतोल. मी ते तीन नियम बर्टिन्स्कीच्या फोटोंना लावून पाहिले. सगळे पास. पिवळ्या कपड्यातल्या कामगारांच्या रांगा म्हणजे संवाद. गंजलेलं जहाज आणि त्याच्यापुढे मुंगीएवढा माणूस म्हणजे विरोध. आणि समतोल तर इतका, की कुठलाच कोपरा रिकामा नाही. मर्ढेकरांच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर. पण त्या मुंगीएवढ्या माणसाला संध्याकाळी जेवायला काय मिळतं, हा प्रश्न त्या परीक्षेच्या पेपरातच नाही. प्रस्थापितांचं सौंदर्यशास्त्र आम्ही नाकारतो ते याचसाठी. त्याला रंग कळतो, रांग कळते. रांगेत कुणाला उभं केलंय आणि कुणी केलंय, हे कळत नाही.

आता आमच्याकडे या.

बर्टिन्स्कीचा एक गाजलेला फोटो आहे, १९९६ सालचा, कॅनडातल्या सडबरीचा. काळ्या जमिनीतून निखाऱ्यासारखी लालकेशरी नदी वाहते. निकेलच्या खाणीचा गाळ तो. लोक तो फोटो बघायला गॅलरीत जातात. आम्हाला गॅलरीत जायची गरज नाही. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरातून निघते, १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते, मग उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे येते. जीन्स रंगवायचे, धुवायचे कारखाने जोरात होते तेव्हा ती निळीकाळी वाहायची. २०१४ सालीच उल्हासनगरात त्या नदीत चोरून रसायन ओतलं गेलं आणि काठावरची शेकडो माणसं एका रात्रीत दवाखान्यात गेली. हिरवा, गुलाबी, निळा. आमच्या तालुक्यात रंगांची कमी नाही.

गुलाबी रस्त्याचे फोटो सगळ्या पेपरांत आले. मुख्यमंत्री येऊन बघून गेले. मोबाईलवर तो फोटो फिरला, लोकांनी खाली विनोद लिहिले. मीसुद्धा तेव्हा एक कविता लिहिली. त्यात रस्ता नव्या नवरीसारखा लाजला होता, वगैरे. कविता गाजली. दोन संमेलनांत वाचली, टाळ्या घेतल्या. आज ती कविता आठवली की अंगावर काटा येतो. का, ते सांगतो.

भिवंडीच्या मागावरून ग्रे कापडाचे तागे आमच्याकडे येतात. ब्लीच होतात, मग जिगरवर किंवा जेटमध्ये रंगतात, स्टेंटरवर सुकतात. रंग जिथे वजन करून कालवतात त्या खोलीला कलर किचन म्हणतात. किचन! तिथे मी दोन वर्षं काढली. पावडर हवेत उडते. नाक शिंकरलं तर रुमालावर त्या दिवशीचा शेड. उशीचा अभ्रा आईने वेगळा ठेवलाय, धुऊन धुऊन दमली. सुती कापडाला लावलेला रंग सगळाच्या सगळा कापडाला धरत नाही. जो धरत नाही तो धुण्याच्या पाण्यात जातो, मीठ आणि सोडा बरोबर घेऊन. ते पाणी कुठे जातं, किती शुद्ध होऊन जातं आणि किती तसंच जातं, हे कलर किचनमधल्या माणसाला विचारायची पद्धत नाही.

म्हणजे रस्त्यावर सांडलेला गुलाबी माझा नसेल, पण माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातचा होता. कुणीतरी तो मोजला, कालवला, उचलला, वाहून नेला. माझ्या कवितेत तो माणूस नव्हता. पेपरातल्या फोटोत नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या भेटीतही नव्हता. मी स्वतः तो माणूस असून मला तो दिसला नाही. वरून काढलेल्या फोटोने माझे डोळे माझ्याकडून काढून घेतले होते. मी माझ्याच नाल्याकडे पाहुण्यासारखा बघत होतो. या सिनेमाने मला हे दाखवलं, म्हणून त्याचे उपकार मानतो.

कारण सिनेमा आणि फोटो ही एकच गोष्ट नाही. बायचवालबाई हुशार आहेत. फोटोग्राफरच्या मागे गेल्या तरी त्याच्या खिशात गेल्या नाहीत. त्याचा कॅमेरा लांब, उंच, तिकाटण्यावर उभा. यांचा कॅमेरा खाली उतरतो, चालतो, हातांजवळ जातो. एक पोरगी बारीक सुटे भाग जोडतेय, तिची बोटं इतक्या वेगाने चालतात की मशीन लाजेल. बाहेर रांगेत उभ्या कामगारांना मुकादम झाडतोय. हे मुकादमाचं झाडणं फोटोत येत नाही. फोटो मुका असतो. कधी कधी आपण जागा बघतोय असं वाटतं, कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की तो गॅलरीतल्या भिंतीवरचा फोटो होता, आणि त्याच्यापुढे चांगल्या कपड्यांतली माणसं उभी आहेत. एका कारखान्याचा आठ मिनिटांचा कंटाळा आपल्याला भोगायला लावायचा आणि मग त्याच कारखान्याचा फोटो दाखवायचा, ही फोटोवरची टीकाच आहे. शब्द न वापरता केलेली. फोटोत ती रांग छान वाटते. आठ मिनिटं चालल्यावर पाय दुखतात.

आणखी एक गोष्ट सिनेमा नीट करतो. तो धागा पकडतो. वस्तू बनते, तिला कोळसा लागतो, वीज लागते, विजेसाठी धरण, धरणासाठी माणसं उठवायची, आणि वस्तू जुनी झाली की तिचं प्रेत पुन्हा गरिबाच्याच दारात. जहाजाचं तसं, संगणकाचं तसं. हे आम्हाला शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे नाल्यावर लिहिणारा नाल्यापाशीच थांबतो.

पण सिनेमा जिथे थांबतो तिथून आपलं काम सुरू होतं. बर्टिन्स्की म्हणतो की मी गौरव करत नाही, धिक्कारही करत नाही, लोकांनी बघावं आणि ठरवावं. ही तटस्थता ऐकायला सभ्य वाटते. पण मित्रांनो, तटस्थ उभं राहायला जागा लागते. उंचावर, कोरड्यात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. ती जागा कुणाला मिळते? त्याचे वडील मोटारीच्या कारखान्यात कामाला होते, त्यालाही कारखाना माहीत होता. म्हणून त्याला शिव्या देत नाही. पण आपल्या देशात हा प्रश्न कारखान्यापेक्षा जुना आहे. आपली वस्ती गावकुसाबाहेर कुठे असायची? वारा गावावरून आमच्याकडे येईल अशी. पाणी गावात वापरून झालं की आमच्याकडे उतरेल अशी. मेलेलं जनावर ओढायला जवळ, विहिरीला लांब. जमिनीची ही मांडणी कुठल्या कारखान्याने केली नव्हती. ती मनूने केली. आपल्याकडची पहिली मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप म्हणजे महारवाडा, मांगवाडा. कारखाना नंतर आला, त्याने तोच नकाशा उचलला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला तेव्हा ते पाणी चांगलं होतं आणि आम्हाला बंदी होती. आज वालधुनीच्या पाण्याला कसलीही बंदी नाही. ते आमच्या दारातून, कधी घरातूनही जातं.

नाल्याकाठाने वस्त्यांच्या पाट्या वाचत चला. सिद्धार्थनगर, भीमनगर, रमाबाईनगर. सगळे आपलेच आहेत असं नाही. उत्तरेकडून आलेले मजूर आहेत, मुसलमान आहेत, कातकरी आहेत. पण नाल्याला लागून प्लॉट घेऊन बंगला बांधलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

या सिनेमाबरोबर दुसरा एक बघा. 'साचा', २००१ सालचा. अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर यांनी केलेला. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना बाजूबाजूला ठेवून गिरण्यांची मुंबई दाखवतो. पटवर्धन आपल्या ठाण्याचे, एक्सरेचे डॉक्टर होते. त्यांनी पोखरणचा परिसर रंगवला, उल्हासनगर रंगवलं. डोंगर फोडून, खाडी बुजवून वाढत गेलेलं हे आपलं गाव चित्रात यावं असं फार कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या बऱ्याच चित्रांत माणूस ठिपका होत नाही, जड असतो, जागा अडवतो. बर्टिन्स्कीनंतर ती चित्रं पाहिली की फरक कळतो.

'साचा' या शब्दाला मात्र आपल्या घरातला आणखी एक अर्थ आहे. साचा म्हणजे गिरणीतला माग. माझा पणजा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. साचे खात्यात नाही. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं की सवर्ण विणकर बाटणार. साचे खात्यात पगार जास्त. म्हणून विटाळही जास्त! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, की आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे. लाल बावट्याखाली सगळे एक होते, धोट्याच्या भोकापाशी नव्हते. आता विचार करा. त्या काळी एखाद्या फोटोग्राफरने साचे खात्याचा फोटो काढला असता, शेकडो माग, शेकडो विणकर, सुंदर रांगा, तर त्या फोटोत जात दिसली असती का? नसती. कारण जात म्हणजे त्या फोटोत जो नाही तो. रांगेतला माणूस दाखवता येतो. ज्याला रांगेत येऊच दिलं नाही त्याचा फोटो कसा काढायचा?

ते जुनं झालं म्हणाल. आज मी सगळ्या खात्यांत फिरतो, जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र उघडतात. खरं आहे. पण वर्षातून काही वेळा गाळाची टाकी साफ करायची असते. ठेकेदार माणसं आणतो. हजेरीच्या वहीत जातीचा रकाना नाही. पण टाकीत उतरणाऱ्यांची आडनावं मला पाठ आहेत. तुम्हालाही माहीत आहेत, तुमच्याच घरातली आहेत.

म्हणून मला वाटलं होतं की उत्तर सोपं आहे. लांबून काढू नका, जवळून काढा. चेहरा दाखवा. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळेपांढरे फोटो काढले तसे. त्यांचे फोटो बघताना रंगाची मजा घ्यायला जागाच राहत नाही, वास येतो. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण ते फोटो दिवाणखान्यात लावायची हिंमत कुणी करत नाही.

हे मनात धरून मी पावसाळ्याआधी, नालेसफाई चालू असताना, मोबाईल घेऊन पुलावर गेलो. खाली एक माणूस कमरेएवढ्या चिखलात उभा राहून फावड्याने गाळ काढत होता. पुलावरून फोटो झकास आला. काळं पाणी, त्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग, मधोमध माणूस. बर्टिन्स्की शोभेल असा. मग मी खाली उतरलो, त्याच्याजवळ गेलो, चेहरा घ्यायला मोबाईल वर केला. तो म्हणाला, "भाऊ, तोंड नका घेऊ. ठेकेदाराने बघितलं तर उद्यापासून हजेरी बंद." मी म्हटलं, आपल्या अंकासाठी आहे, पेपरवाला नाही मी. तो म्हणाला, "तुमचं छापून होईल, माझं खाडं पडंल."

मी मोबाईल खिशात घातला. माझ्या सगळ्या सिद्धांताला त्याने एका वाक्यात गाळात घातलं. लांबून काढला तर तो ठिपका होतो. जवळून काढला तर बेकार होतो. ठिपका होण्यातच त्याची भाकर सुरक्षित आहे. हे मला मर्ढेकरांनी सांगितलं नव्हतं, या सिनेमाने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या कवितेनेही सांगितलं नव्हतं. आपणही माणसाचं दुःख चेहऱ्यासकट उचलतो आणि संमेलनात नेतो. तो तिथेच उभा असतो, कमरेएवढा.

अशीच एक गाठ कारखान्यांचीही आहे. गुलाबी रस्त्यानंतर कारखाने बंद करायची भाषा झाली. २०२२ साली दीडशेच्या वर धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचं जाहीर झालं. मग २०२४ ची बुद्धपौर्णिमा आठवा, २३ मे. विहारात खिरीची तयारी चालली होती. दुपारी फेज दोनमधल्या रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला. २०१६ च्या मे महिन्यात झाला होता तसाच. लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. उंचावरून काढलेला धुराच्या खांबाचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मेलेल्यांपैकी काहींची ओळख पटवायला डीएनए तपासावा लागला. फोटोत खांब आहे, खाली ओळखही न उरलेला कामगार. आणि पुन्हा तीच घोषणा, कारखाने हलवा.

हलवा. पण कुठे? पाताळगंगाही नदीच आहे. तिच्याही खालच्या अंगाला कुणीतरी राहतं. ज्यांना डोंबिवलीचा फोटो स्वच्छ हवाय त्यांच्या फोटोतून नाला जाईल आणि नाल्याबरोबर आम्हीही जाऊ. मोहने-आंबिवलीची एनआरसी २००९ साली बंद पडली, कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. बंद कारखान्याचा फोटो तर चालू कारखान्यापेक्षाही सुंदर येतो. गवत, गंज, रिकामं छप्पर. ठाण्यात बघा, वागळे इस्टेटपासून पोखरण रोडपर्यंत कंपन्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. विष नको आणि पगारही नको, असं कामगार कधी म्हणाला नाही. विष नको आणि पगार हवा, एवढंच त्याचं म्हणणं. हे दोन्ही एका फोटोत बसत नाही म्हणून फोटोवाले एक निवडतात.

मग काय करायचं? कॅमेरा फेकून द्यायचा? नाही. माझं मत असं आहे.

एक, चेहरा नको असेल तर चेहरा घेऊ नका. माणसाला आधी विचारा. ज्याची हजेरी जाणार त्याचा नकार आपल्या कलेपेक्षा मोठा आहे. दोन, चेहऱ्याऐवजी मांडणी दाखवा. पुलावर उभं राहून खाली बघू नका, नाल्यात उतरून वर चालत जा. पाण्याच्या उलट्या दिशेने. वस्ती, मग वळण, मग पाइपाचं तोंड, मग कंपाउंडची भिंत, मग गेट, मग गेटावरची पाटी. प्रत्येक जागेचा एक फोटो, तारीख आणि वेळ घालून. पाण्याचा रंग कुठल्या पाळीत बदलतो ते लिहा. रातपाळीत बदलतो हे मी आजच सांगतो. यात कुणाचं तोंड दिसणार नाही, कुणाचं खाडं पडणार नाही. पण कोण वर आणि कोण खाली हे दिसेल. आपल्याला तेच दाखवायचंय. सिनेमा जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धागा धरून गेला, आपण निदान वस्तीपासून गेटापर्यंत जाऊ.

तीन, हे माझ्यासकट सगळ्या कवींना. नाला ही आपली उपमा नाही, आपला पत्ता आहे. उपमा म्हणून वापरून वापरून आपण तो गुळगुळीत केला. संपादकांना विनंती आहे, माझी गुलाबी रस्त्याची कविता कुठल्या संग्रहात घेत असाल तर घेऊ नका. ती पुलावरून लिहिलेली आहे.

सिनेमा जरूर बघा. वस्तीत लावा, कॉलेजातल्या पोरांना दाखवा, बायांना दाखवा. पहिल्या आठ मिनिटांत एखादा कामगार झोपला तर त्याला उठवू नका. संपल्यावर विचारा की यातलं तुला काय नवीन दिसलं, आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्या.

येत्या शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं वालधुनीच्या पुलाखालून वर चालायला निघणार आहोत. जुनी चप्पल घालून या. मोबाईल चार्ज करून आणा. वही मी आणतो.

जय भीम.